तिकडून सगळं दिसतं

मी एक पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यामुळे आमच्या घरातली पोर गेली.

लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. कार्ड माझं, पेन माझं, अक्षर माझं, आणि त्या अक्षराचा मला इतका गर्व की आपला पत्ता दोनदा लिहिला. एकदा वर ठसठशीत, एकदा खाली सहीजवळ. पोस्टाचा घोटाळा होऊ नये म्हणून. पोस्टाचा झालाही नाही.

परवा दामूभाऊंच्या भाच्याचा फोन आला. "काका, खोली खाली करून राहिलो. मामाले आता आमच्याकडं नेतो. ते टीव्हीचं कपाट मामा म्हणते मुनशीले दे. कधी येता?" मी म्हणालो, आत्ता येतो. पोराला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा जुन्या वस्तूंवर काय जीव. जीवबीव काही नाही. त्या कपाटात मी चाळीस वर्षांपूर्वी एक गोष्ट लपवली होती, आणि ती भाच्याच्या हाती लागायच्या आत मला काढायची होती.

लकडगंजात शिरलो तर रस्ता डोळ्यांना ओळखू येईना. आरा मशिनींच्या जागी उंच इमारती, खाली टाइल्सची दुकानं. पण कुठल्यातरी बोळात अजून एखादा रंधा चालत असावा, कारण वळणावर तो वास आला. सागवानाच्या भुशाचा. तेलकट, जरा कडवट, उन्हात तापलेल्या चामड्यासारखा. नाकानं रस्ता दाखवला आणि मी मुकाट्यानं त्याच्या मागं गेलो.

त्या वासात मी सहा वर्षं राहिलो. आरा मशीनवर मी मुनशी होतो, म्हणजे ओंडक्यांची मापं वहीत लिहायची आणि आपण फार शिकलेले आहोत असं तोंड करून बसायचं. दामूभाऊ मिस्त्री. पात्याला धार लावायचे, ओंडका पात्यासमोर सरळ धरायचे. डाव्या हाताची दोन बोटं त्या पात्यानं कधीच नेली होती. लग्न त्यांचंही नाही, माझंही नाही. त्यांचं राहून गेलेलं, माझं जमत नसलेलं. मशीनच्या मागं दोन खोल्या होत्या आणि चूल एकच, भुशाची. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद वर ओढायची. ती ओढताना माझ्याकडून दरवेळी भुसा कोसळायचा. दामूभाऊ म्हणायचे, "मुनशी, तू वहीच लिहीत जाय गा."

बेबी आमच्याकडे आली ती ट्रकमधून. तिचा बाप आलापल्लीकडून सागवान आणायचा. बाईल बाळंतपणात गेलेली, पोर चार वर्षांची, केबिनमध्ये बापाशेजारी बसून गावोगाव हिंडणारी. एका खेपेला तो दामूभाऊंना म्हणाला, "मिस्त्री, आठ दिवस ठेवा हिले. आठ दिवसांत येतो." तिच्याजवळ एक पिशवी होती. पिशवीत दोन फ्रॉक आणि आईच्या हिरव्या लुगड्याचा फाडलेला अर्धा. त्या लुगड्याचं टोक मुठीत असल्याशिवाय ती झोपायची नाही.

तो आला नाही. बेबी रोज सकाळी दामूभाऊंच्या बोटांवर दिवस मोजायची. उजव्या हाताची पाच, डाव्याची तीन, बरोबर आठ. बोटं संपली की दाराशी जाऊन उभी राहायची, ट्रकचे हॉर्न ऐकायची आणि परत येऊन पहिल्या बोटापासून सुरुवात करायची. दामूभाऊ हात पसरून बसून राहायचे. पुढं कधीतरी तिनं मोजणं सोडलं. आम्हाला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

मग आम्ही बाप झालो. दोघंही, एकदम. तिनं आमची नावंसुद्धा तशीच पाडली, दामूबा आणि मुनशीबा. बालवाडीत घालायला गेलो तर शिकवणाऱ्या निर्मलाबाईंनी विचारलं, "वडील कोण?" आम्ही दोघांनी एकाच वेळी "मी" म्हटलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आई कोण ते विचारत नाही," म्हणाल्या, "नाही तर तेही तुम्हीच म्हणाल." त्याच बाईंनी मला वेणी घालायला शिकवलं. माझी वेणी दुपारपर्यंत सुटायची. दामूभाऊंची, आठ बोटांची, संध्याकाळपर्यंत टिकायची. भुशातली बाटली ओढायचं काम बेबीकडं गेलं. जीभ दातांत धरून ती बाटली अशी काढायची की एक कण हलायचा नाही.

तान्ह्या पोळ्याला दामूभाऊंनी तिला सागवानाचा बैल करून दिला. वीतभर उंच, चाकांवर चालणारा, पाठीवर लाखेचा लाल रंग. त्याला बेगड लावून ती गल्लीभर हिंडली, घरोघरी पैसे आणि चणे घेऊन आली, आणि चणे आधी बैलाच्या तोंडाला लावून मग स्वतः खाल्ले. मुलींनी बैल न्यायचा का, असं कोणीतरी विचारलं. दामूभाऊ म्हणाले, "बैलाले विचारा. त्याले काही तरास नाही."

आणि मग टीव्ही आला. शेठजींनी घरी रंगीत घेतला आणि त्यांचा काळा-पांढरा दामूभाऊंना दिला. दामूभाऊंनी त्यासाठी सागाच्या तुकड्यांचं कपाट केलं. पुढं सरकतं शटर, मागच्या फळीला टीव्ही तापू नये म्हणून भोकांची रांग, आणि वर हवेसाठी एक लांब फट. शटर उघडताना आगगाडी रुळावरून जाते तसा आवाज यायचा. मी कौलांवर अँटिना फिरवायचो, खालून बेबी ओरडायची, "आलं, आलं, गेलं मुनशीबा, गेलं." काचेवर हात ठेवला की चटचट व्हायचं आणि तिच्या हातावरची लव उभी राहायची. तापलेल्या टीव्हीचा वास, भुशाचा वास, आणि हिवाळ्यात तिच्या बोटांना संत्र्याच्या सालींचा वास. अजूनही कुठं संत्रं सोललं की माझा हात उगाच टीव्हीच्या बटणाकडं जातो.

दर बुधवारी जेवणाच्या वेळेला एक मालिका लागायची. तिचं नाव मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. आठवतं, पण उच्चारत नाही. एक चिडका पेन्शनर, त्याच्याकडं भाड्यानं राहणारा बँडमधला क्लॅरिनेटवाला, आणि त्यांच्या पायरीवर कोणीतरी ठेवून गेलेलं पोरगं. दोघांना दूध तापवता येत नाही, लंगोट बांधता येत नाही. पेन्शनर लंगोट म्हणून आपला मफलर बांधतो, असं सगळं. हसवायचं म्हणून केलेलं. न दिसणारी माणसं मागून हसायची, आणि अंगणात सतरंजीवर बसलेले आमचे मजूरही हसायचे, आमच्याकडं बघून.

पहिल्याच बुधवारी बेबीनं विचारलं, "हे कोण हसून राहिले?"

"आतली माणसं."

"कोणाले पाहून? आपल्याले?"

ती त्या दिवशी जेवत नव्हती. भाताचा घास तोंडात धरून बसली होती. मी म्हणालो, "हो तर. आपण त्यांना बघतो, ते आपल्याला बघतात. तिकडून सगळं दिसतं. नीट जेव, नाही तर हसतील."

तिनं घास गिळला. एका घासासाठी मी ते बोललो होतो. पुढचे कित्येक महिने तिच्या जगाला ते पुरलं. बुधवारी पावडर लावून, भांग पाडून ती बसायची. फ्रॉक बदलायचा तर कपाटामागं जायची. संत्र्याची फोड सोलून आधी काचेला लावायची. दामूभाऊ बनियनवर बसलेले दिसले की त्यांना सदरा आणून द्यायची, "दामूबा, ते पाहून राहिले ना." तो पहाडासारखा माणूस बातम्या सांगणारी बाई आली की गुंड्या लावून ताठ बसायचा. मला हळूच म्हणाला, "खरंच दिसत नसन ना गा?"

आता कार्ड. प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवायचा एक कार्यक्रम असायचा. कोणी ना कोणी दर आठवड्याला देशभर गाजायचं आणि ते मी नसायचो, हे मला सहन होईना. मी माझ्या नागपुरी हिंदीत लिहिलं, की आपली मालिका उत्तम आहे परंतु आमच्या घरी ती रोज चालते. आमच्याकडेही दोन पुरुष आणि एक मुलगी आहे. नाव बेबी, बापानं लाकडाच्या ट्रकमधून आणून सोडली. आईच्या हिरव्या लुगड्याचा अर्धा तुकडा मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. कृपया आपल्या मालिकेतल्या मुलाच्या हातीही असंच काही द्यावं, परिणाम चांगला होईल. मी त्यांना सल्ला दिला होता. लुगड्याची गोष्ट मी फक्त परिणामासाठी घातली.

आठवडे गेले आणि एका रविवारी पडद्यावरच्या बाईनं माझं नाव घेतलं. नाव, लकडगंज, नागपूर, आणि मग सगळं पत्र, लुगड्यासकट. अंगणात एकच गलका झाला. मजुरांनी मला उचललं. बेबी काचेजवळ जाऊन त्या बाईला म्हणाली, "मी इथं आहे." दामूभाऊंनी पेढे वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "लुगड्याचं काहून सांगितलं गा साऱ्या दुनियेले?" मी म्हणालो, "तुम्हाला साहित्यातलं कळत नाही."

दहा-बारा दिवसांनी एक बाई आणि तिचा नवरा फाटकाशी उभे राहिले. बालाघाटकडून आले होते, नवरा रेल्वेच्या गँगमध्ये.  पिशवीतून एक घडी काढून बाईनं ओंडक्यावर पसरली. हिरवं लुगडं. अर्धं. सिनेमात कोणी असं दाखवलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

ती बेबीची मावशी होती. बहीण गेली तेव्हा लुगड्याचे दोन भाग केले होते, एक पोरीला, एक हिला. पुढं मेव्हण्याचा ट्रक घाटात कोसळला, तो त्यात गेला, पण पोर कुठं ठेवली हे कोणाला सांगून गेला नव्हता. ट्रक थांबायचा अशी जी ठिकाणं तिला ठाऊक होती तिथं तिथं ती विचारत फिरली होती. "आमच्या सायबाच्या घरी टीव्ही लागला होता," ती म्हणाली, "भांडे घासता घासता ऐकलं." आणि मग ती दामूभाऊंच्या पाया पडली. तिच्यावर रागावता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दोन दिवस ते राहिले. मावशीनं बेबीची वेणी घातली आणि ती दुसऱ्या सकाळपर्यंत सुटली नाही. त्या वेणीकडं बघून दामूभाऊ मला म्हणाले, "न्यावं लागते तिले. तिचं हाये." दिवसभर त्यांनी पात्याला धार लावली. धार असलेल्या पात्याला.

निघताना बेबीनं बैल टीव्हीसमोर ठेवला. "हा इथं राहीन, पाहायले." मग माझ्याकडं आली. रडत नव्हती. रडली असती तर मी शहाणपणानं वागलो असतो. तिनं विचारलं, "मुनशीबा, तिकडं पण टीव्ही हाये का?" मावशी म्हणाली, सायबाकडं आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "मग काय. बुधवारी समोर बस. आम्ही इकडून तुला बघतो. तिकडून सगळं दिसतं, माहीत आहे ना?"

तिनं मान हलवली. पेरूच्या दोन फोडी, पिशवी, लुगड्याचे दोन्ही अर्धे आणि वेणी, असं सगळं रिक्षात बसलं आणि कोपऱ्यावरून वळलं. मावशी जाताना म्हणाली होती, "पोचल्यावर कार्ड टाकते." पत्ता तिच्याजवळ होताच. मी दोनदा लिहिलेला.

दामूभाऊंनी बैल उचलून टीव्हीच्या बाजूला आत ठेवला आणि शटर ओढलं. आगगाडी गेल्यासारखा आवाज झाला. ते शटर परत उघडलं नाही. मजूर दोन-तीन बुधवार अंगणात घुटमळले, मग येईनासे झाले.

कार्ड तीन-चार महिन्यांनी आलं, माझ्या नावावर. दामूभाऊंना वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायचो. त्या वेळी ते शेठजींच्या कामानं कामठीला गेले होते. मी ओंडक्यावर बसून ते वाचलं आणि परत आल्यावर त्यांना सांगितलं नाही. फाडायला गेलो तर फाडवेना. खिशात ठेवलं तर टोचायला लागलं. शेवटी त्या कपाटाच्या वरच्या फटीतून, टपालपेटीत टाकावं तसं, आत सोडून दिलं. टीव्हीवर आपटून ते खाली गेल्याचा आवाज आला.

पुढच्या वर्षी मला सदर भागात एका कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, संसार झाला. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन दामूभाऊंकडं जायचो. चकली मोडत ते विचारायचे, "कार्ड आलं का गा?" मी म्हणायचो, नाही. "विसरली असन. बरं हाये, विसरली तर रमली." असं सात-आठ दिवाळ्या. मग त्यांनी विचारणं सोडलं, जसं तिनं बोटं मोजणं सोडलं होतं.

परवा गेलो तर त्याच जुन्या खोलीत ते बाजेवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगानं सुकलेले, पण सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. भाचा चहा आणायला गेला. मी म्हणालो, "कपाट हलवण्याआधी जरा आतून पाहून घेतो, झुरळंबिरळं असतील." शटर अडकलं होतं. जोर लावला तर ते अर्ध्यावर सरकलं आणि तोच आवाज झाला. दामूभाऊंनी मान फिरवली.

आत टीव्ही होता, काचेवर धुळीचा थर. बाजूला बैल, पाठीवरचा लाल रंग जसाच्या तसा. आणि बैलाच्या पायांशी कार्ड. मी हात घालून ते काढलं, मुठीत लपवलं. चोरी मला कधी जमली नाही.

"काय हाये ते?"

"काही नाही. जुनं काहीतरी."

"कार्ड हाये. मले वाचता येत नाही, दिसते तं." ते बाजेवर जरा सरकले, शेजारची जागा मोकळी केली. "वाच."

मी वाचलं. आवाज मुनशीचा लावायला गेलो, लागला नाही. मावशीनं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं. "बेबी खुशाल आहे. शाळेत जाते. दर बुधवारी सायबाच्या टीव्हीसमोर जाऊन बसते. दामूबाले, मुनशीबाले काय जेवली ते सांगते. लोकं हसले की म्हणते मुनशीबा हसून राहिला. ती मालिका संपली तरी बसते. शेतीचा कार्यक्रम असला तरी बसते. सायबाची बाई आता रागावते. पोरीले आम्ही सांगतो तिकडून दिसत नाही, ती ऐकत नाही. म्हणते मुनशीबानं सांगितलं. तुम्ही तिले एक कार्ड टाका का दिसत नाही म्हणून. तुमचं ऐकन. नाही तर एकदा येऊन जा." खाली पत्ता होता. तोही दोनदा लिहिलेला.

 दामूभाऊंचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, तीन बोटांचा. रस्त्यावर कोणीतरी टाइल्स कापत होतं.

"मंग तुनं काय लिहिलं?"

मी सांगितलं, की लिहायला बसलो होतो. खूप वेळा. बेबी, तिकडून काही दिसत नाही, एवढं एक वाक्य लिहायचं होतं आणि माझ्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात ते उतरेना. वाटायचं, कार्ड जाईपर्यंत तरी तिला कोणीतरी बघतंय असं वाटत राहील. मग उशीर झाला, मग फार उशीर झाला. दहा-बारा वर्षांनी एकदा पाठ असलेल्या त्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथं दुसरीच माणसं होती, बदली होऊन कुठं गेले ते त्यांना माहीत नव्हतं.

"येऊन जा म्हणे," दामूभाऊ म्हणाले. "मी गेलो असतो."

"हो."

"पायी गेलो असतो."

भाचा चहा घेऊन आला. त्यानं विचारलं, कपाट बाहेर नेऊ का, टेम्पोवाल्याला बोलावू का. दामूभाऊ उठले, भिंतीचा आधार घेत कपाटापाशी गेले आणि धुळीच्या काचेवरून हात फिरवला. मग शटर ओढून घेतलं, जपून, बैलाला लागू नये असं.

"कपाट कुठं जात नाही, माह्यासोबत येते," ते भाच्याला म्हणाले. आणि माझ्याकडं न बघता, "साऱ्या दुनियेले कार्डं टाकली गा तुनं. एक टाकाचं होतं, तेवढंच नाही टाकलं. चाय पी आन् जाय."